कार्डावर दोन रेघा उमटल्या, म्हणजे नेमके काय कळले?

सांगली शहरात एकत्र कुटुंबात राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. ११ जानेवारीला सगळे तासगावला नात्यातल्या लग्नाला गेले होते. १२ तारखेच्या रात्री मुलाला उलट्या सुरू झाल्या आणि १३ पासून पाण्यासारखे जुलाब, दिवसाला आठ-नऊ वेळा. त्याच सुमारास यजमानांनाही उलट्या झाल्या, पण ते दीड दिवसात सावरले. डॉक्टरांनी मुलाला ओआरएस आणि झिंक दिले व तपासणीची गरज नाही असे सांगितले. १८ तारखेलाही शी पातळच होती म्हणून घरच्यांनी आपणहून लॅबमध्ये रोटा-अ‍ॅडिनोची (जुलाब करणाऱ्या दोन विषाणूंची) कार्ड टेस्ट करून घेतली, ती निगेटिव्ह आली. ‘व्हायरस नाही, म्हणजे जंतूच (बॅक्टेरियाच) असणार’ असे ठरवून मेडिकलमधून अँटिबायोटिकची बाटली आणली गेली. धाकट्या जाऊबाईंचे बाळ सात आठवड्यांचे आहे. तेही दिवसातून सात-आठ वेळा पिवळी पातळ शी करते म्हणून १९ तारखेला त्याचीही तीच टेस्ट झाली आणि रोटा पॉझिटिव्ह निघाला. या बाळाला १४ तारखेला रोटाची लस पाजली होती. सासूबाईंचे म्हणणे असे की मोठ्याचे जुलाब दाताचे होते, ते वाढले या लशीमुळे. जाऊबाई दोन्ही मुलांना एका खोलीत येऊ देत नाहीत. पुण्याच्या नणंदेने फोनवर सांगितले की कार्ड टेस्ट कुचकामी असते, काही हजार गेले तरी चालतील पण दोघांचा पीसीआर पॅनेल (अनेक विषाणू-जिवाणूंचे जनुकीय द्रव्य एकदम शोधणारी तपासणी) करून घ्या. पत्र २१ तारखेचे आहे. मुलगा आता खेळतो, जेवतो, शी दोन-तीन वेळा सैलसर होते. कोणत्या टेस्टवर विश्वास ठेवावा, पीसीआर करावा का आणि बाळाचा पुढचा डोस थांबवावा का, असे त्यांनी विचारले आहे.

तुमचे पत्र वाचून पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे कागदावर तारखा मांडल्या. अशा पत्रात तारखा क्वचितच असतात, तुम्ही त्या नेमक्या दिल्यात हे फार बरे केलेत, कारण घरातल्या भांडणाचा निम्मा निकाल त्या तारखांतच आहे. मुलगा १२ तारखेच्या रात्री आजारी पडला आणि बाळाला लस १४ तारखेला मिळाली. जी लस अजून घरात आलीच नव्हती, तिने आजार आणला असे कसे म्हणता येईल? सासूबाईंना हे रिपोर्ट दाखवून पटणार नाही, पण भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून दाखवलेत तर पटण्याजोगे आहे.

आता टेस्टकडे वळू. मी मिरजेत बरीच वर्षे प्रयोगशाळेत काम केले आहे आणि अशी कार्डे हजारोंनी हाताळली आहेत, त्यामुळे ‘कार्ड कुचकामी’ हे नणंदबाईंचे मत मला मान्य नाही, आणि ‘कार्ड निगेटिव्ह म्हणजे व्हायरस नाही’ हा तुमच्या घरचा निष्कर्षही मान्य नाही. दोन्हींमागे एकच समजूत आहे, ती अशी की टेस्ट आपल्याला ‘पोटात काय आहे’ हे सांगते. टेस्ट तसे काही सांगत नाही. तिला जो एक प्रश्न विचारलेला असतो, त्याचेच उत्तर ती देते.

कार्डाचे काम कसे चालते ते एकदा डोळ्यांसमोर आणा. हरभऱ्याच्या दाण्याएवढी शी एका द्रावणात कालवतात आणि त्याचे तीन-चार थेंब कार्डाच्या खळग्यात सोडतात. तिथे रंगीत कणांना चिकटवलेली प्रतिपिंडे वाट पाहत असतात. नमुन्यात रोटाचे प्रथिन असेल तर ही प्रतिपिंडे त्याला धरतात, सगळे मिळून पट्टीवरून पुढे सरकतात आणि ठरलेल्या जागी अडकून तिथे रेघ उमटते. त्यापुढची दुसरी रेघ केवळ पट्टी नीट चालली हे दाखवणारी असते. ती उमटली नाही तर निकाल बादच धरावा लागतो. सगळा खेळ दहा ते वीस मिनिटांचा. विषाणूचे प्रमाण भरपूर असेल तरच रेघ डोळ्याला दिसते. रोटाच्या बाबतीत हे जमून जाते, कारण आजार भरात असताना एक ग्रॅम शीमध्ये या विषाणूचे अब्जावधी कण असतात. म्हणूनच रोटाची चांगली कार्डे भरवशाची ठरतात. पण हा भर साधारण पहिल्या चार-पाच दिवसांचा असतो. तुमच्या मुलाचा नमुना सहाव्या दिवशी गेला. शिवाय तो डायपरमधून खरवडून घेतला असेल, तर पाण्यासारखा भाग, ज्यात विषाणू अधिक असतात, तो डायपरच्या आतल्या जेलने आधीच शोषून घेतलेला असतो. नमुना घ्यायचाच झाला तर डायपर उलटा, म्हणजे प्लास्टिकची बाजू आत करून बांधावा, आणि नमुना लगेच न्यायला जमणार नसेल तर डबी फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, ठेवावी.

याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या रिपोर्टवर जे छापलेले नाही त्यात आहे. कार्डाने रोटा आणि अ‍ॅडिनो एवढे दोनच विषाणू शोधले. लहान मुलांच्या पोटाचे नोरो, अ‍ॅस्ट्रो, सॅपो हे विषाणू त्या पट्टीच्या खिजगणतीतही नव्हते. तुमच्या पत्रातली हकीकत पाहा: लग्नाचे जेवण, त्यानंतर साधारण तीस तासांनी उलट्यांनी झालेली सुरुवात, आणि त्याच वेळी घरातल्या धडधाकट मोठ्या माणसाचेही पोट बिघडून दीड दिवसात ठीक होणे. हे चित्र मला तरी नोरोच्या बाजूने झुकणारे वाटते, कारण तो लहान-मोठे असा भेद करत नाही आणि बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उगवतो. रोटा मोठ्या माणसांना सहसा एवढा त्रास देत नाही. हा माझा अंदाज आहे, निदान नव्हे. पण तो बरोबर असेल, तर तुमच्या मुलाचे निगेटिव्ह कार्ड अगदी खरे बोलले असे म्हणावे लागेल. त्याला नोरोबद्दल कोणी विचारलेच नव्हते.

मग ‘व्हायरस नाही, म्हणजे जंतू’ हा निष्कर्ष कुठे टिकतो? या वयात अचानक उद्भवणारे, रक्त नसलेले, पाण्यासारखे जुलाब बहुतांशी विषाणूंमुळेच होतात, आणि त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. उलट आतड्यातले उपयोगी जंतू मारून ते जुलाब लांबवू शकते. आज नवव्या दिवशी शी अजून सैल आहे त्यात त्या बाटलीचाही वाटा असेल. ती बाटली घेऊन आजच तुमच्या डॉक्टरांकडे जा, कधीपासून आणि किती दिली ते सांगा, आणि ती बंद करायची की कसे हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. त्यांनी पहिल्या दिवशी टेस्ट नको म्हटले होते, ते टाळाटाळ म्हणून नव्हे. टेस्टचा निकाल काहीही आला असता तरी त्यांनी ओआरएस आणि झिंकच दिले असते.

आता बाळाच्या दोन रेघांविषयी. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण असे पत्र दर हिवाळ्यात एखादे तरी येते. रोटाची लस ही तोंडावाटे द्यायची, जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. ती आतड्यात थोडीफार वाढते, म्हणूनच शरीराला तिची ओळख पटते, आणि मग पुढचे काही दिवस, विशेषतः पहिल्या डोसनंतर, तिचा विषाणू शीतून बाहेर पडू शकतो. कार्डाला रोटाचे प्रथिन दिसते. ते लशीचे आहे की आजाराचे, हे ओळखण्याची सोय त्यात नाही. तुमच्या जाऊबाईंच्या बाळाची टेस्ट लस पाजल्यानंतर पाचव्या दिवशी झाली. तेव्हा ती पॉझिटिव्ह आली यात मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते लॅबच्या काउंटरवर ‘अलीकडे लस दिली आहे का’ एवढे कोणी विचारले नाही याचे.

आणि मुळात त्या बाळाला जुलाब होते का? अंगावर पिणाऱ्या सात आठवड्यांच्या बाळाने दिवसातून सात-आठ वेळा पिवळी, दाणेदार, पातळ शी करणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे. काही बाळे प्रत्येक पाजणीनंतर शी करतात. जुलाब म्हणायचे ते त्या बाळाच्या नेहमीच्या रीतीत अचानक बदल झाला, शी पाणीच पाणी झाली, बाळ पिईनासे झाले किंवा मलूल पडले तर. जाऊबाईंना विचारा की त्याची शी आठवड्यापूर्वी कशी होती. ‘अशीच होती’ असे उत्तर आले, तर टेस्ट करण्याचे कारणच नव्हते. दुसरीकडे, त्या वयाच्या बाळाला १००.४ अंश किंवा त्याहून अधिक ताप आला तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यायचे. तसेच लस दिल्यानंतरच्या आठवड्यात बाळ थांबून थांबून, पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल, उलट्या करत असेल किंवा शीत रक्त दिसले, तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचे. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरण्याचा तो फार दुर्मीळ प्रकार असतो, पण उशीर परवडत नाही.

नणंदबाईंच्या पीसीआरबद्दलही बोलू, कारण त्या अगदीच चूक सांगत नाहीत. पीसीआर विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधते, अत्यल्प प्रमाणही पकडते, आणि मोठे पॅनेल एकाच नमुन्यात वीसहून अधिक विषाणू, जिवाणू व परजीवी तपासते. नोरोच्या बाबतीत तर फरक फार मोठा आहे. नोरोचे प्रकार इतके की कार्डावरची ठरावीक प्रतिपिंडे सगळ्यांना धरू शकत नाहीत. त्यामुळे नोरोचे कार्ड पॉझिटिव्ह आले तर बरेचसे विश्वासार्ह, पण निगेटिव्ह आले तर त्यावर भिस्त ठेवता येत नाही. पीसीआर हा विषाणू सहज पकडते. पण तिच्या तीक्ष्णपणाचीच दुसरी बाजू अशी, की बरे झालेल्या मुलाच्या शीतही ती आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह येत राहते, आणि अगदी ठणठणीत मुलांतही एखादा विषाणू तिला सापडतो. तुमच्या मुलाचा पॅनेल आज पाठवलात तर तीन नावे पॉझिटिव्ह येणे अशक्य नाही, आणि मग त्यातल्या कोणत्याने जुलाब केले हा नवा वाद घरात सुरू होईल. लशीचा विषाणू पीसीआरलाही दिसतो. नेहमीचे पॅनेल लशीचा आणि रानटी विषाणू वेगळे करून सांगत नाही, म्हणजे बाळाच्या बाबतीत हजारो रुपये खर्चून तुम्ही आज जिथे आहात तिथेच राहाल.

या दोहोंच्या मध्ये एलायझा नावाची पद्धत आहे. तत्त्व कार्डाचेच, पण प्रयोगशाळेत, एका वेळी पुष्कळ नमुन्यांवर, यंत्राने मोजून. एकट्या-दुकट्या मुलासाठी ती सोयीची नाही, पण तिच्यावर बरेच काही उभे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने २००५ पासून देशातल्या रुग्णालयांत रोटाची जी पाहणी झाली ती याच पद्धतीने. जुलाबांमुळे दाखल होणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांत रोटा आहे, हे तिच्यातून पुढे आले. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आणि महाराष्ट्रात २०१९ मध्ये ही लस सरकारी लसीकरणात आली, तिच्यामागे हे आकडे होते. टेस्टचा खरा उपयोग कधीकधी ज्या मुलाची ती होते त्याच्यापेक्षा पुढच्या हजारो मुलांना होतो, तो असा.

आकड्यांचाच विषय निघाला आहे तर आणखी एक हिशेब करू, कारण लॅबच्या पत्रकावर ‘अचूकता ९५ टक्क्यांहून अधिक’ असे वाचून आपण निर्धास्त होतो. मानू या की एक कार्ड रोटा असलेल्या शंभरांतल्या ९६ मुलांना पकडते आणि नसलेल्या शंभरांतल्या दोघांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. ऐन हिवाळ्यात जुलाबांच्या १,००० मुलांपैकी ४०० जणांना रोटा असेल, तर ३८४ खरे आणि १२ खोटे पॉझिटिव्ह निघतील, म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट जवळजवळ खराच. तेच कार्ड एखाद्या अशा महिन्यात वापरले, जेव्हा हजारांत ५० जणांनाच रोटा आहे, तर ४८ खरे आणि १९ खोटे निघतील. कार्ड तेच, लॅब तीच, पण आता चार पॉझिटिव्ह रिपोर्टांतला एकाहून अधिक खोटा. म्हणून कोणती टेस्ट चांगली असे विचारण्याआधी ती कोणत्या मुलावर, कोणत्या दिवशी आणि कोणत्या हंगामात केली हे विचारावे लागते.

वाचणाऱ्या माणसाची चूक या हिशेबात धरलेली नाही, आणि ती माझ्या हातून झालेली आहे. एकदा गर्दीच्या दिवशी मी एक कार्ड बाजूला ठेवले आणि तासाभराने पाहिले, तर अंधूक गुलाबी रेघ. मी पॉझिटिव्ह लिहिले. संध्याकाळी त्याच नमुन्यावर दुसरे कार्ड लावून वेळेत वाचले, तर रेघ नव्हती. पट्टी वाळताना अशी फसवी सावली उमटते, म्हणून ठरलेल्या मिनिटांनंतर कार्ड पाहायचेच नसते. तो रिपोर्ट मी परत मागवला, पण तोपर्यंत त्या मुलाला वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर हलवले होते आणि त्याच्या आजीने सगळ्यांशी भांडण काढले होते.

तरी टेस्ट कधी करूच नये असे मी म्हणणार नाही. मूल दाखल आहे आणि शेजारच्या खाटांवर तान्ही मुले आहेत, तर अर्ध्या तासात रोटा कळणे फार कामाचे असते. अंगणवाडीत किंवा पाळणाघरात एकदम दहा मुलांना उलट्या होऊ लागल्या, तर दोन-चार नमुन्यांचा पीसीआर करून कारण शोधणे आरोग्य खात्याच्या उपयोगाचे असते. शीत रक्त आहे, ताप चढा आहे, मूल कुपोषित आहे, त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे किंवा जुलाब चौदा दिवसांपलीकडे गेले, तर तपासणी हवीच. पण तेव्हाही रोटाचे कार्ड नव्हे, तर डॉक्टर सांगतील ती कल्चर, पॅनेल किंवा सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी. यापैकी कोणतीही टेस्ट ठरवण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा: निकाल हो आला तर काय कराल आणि नाही आला तर काय कराल? दोन्ही उत्तरे एकच असतील, तर पैसे जपून ठेवा. आणि लॅब निवडायची वेळ आलीच, तर कार्ड कोणकोणते विषाणू शोधते, अ‍ॅडिनोचे सगळे प्रकार पकडते की जुलाब करणारे ४० आणि ४१ एवढेच, हे विचारायला संकोच करू नका. सर्दी-खोकल्याचा अ‍ॅडिनोही मुलांच्या शीत बराच काळ सापडतो आणि सगळे प्रकार पकडणारे कार्ड त्यालाही पॉझिटिव्ह म्हणते.

दाताबद्दल एकच वाक्य: दात येण्याचे वय आणि दिसेल ती वस्तू तोंडात घालण्याचे वय एकच असल्यामुळे हा आळ दातावर येतो, पण दिवसाला आठ-नऊ पाण्यासारखे जुलाब दातांनी होत नाहीत.

आता तुमच्या घरी काय करायचे ते. मुलाला प्रत्येक सैल शीनंतर पाव ते अर्धा कप ओआरएस चमच्या-चमच्याने द्या. पाकीट एक लिटरचे आहे की २०० मिलीचे हे वाचून तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घाला, अर्धे-अर्धे करू नका. ओआरएसच्या नावाखाली खोक्यात मिळणारी गोड पेये घेऊ नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर हे नाव वापरायला बंदी केली आहे, तरी जुना माल कुठे उरलेला असू शकतो. झिंक शी बांधून आली तरी बंद करायचे नाही, पूर्ण चौदा दिवस द्यायचे. मऊ भात, मुगाचे वरण, केळे, दही असे जे तो खातो ते चालू ठेवा. २६ तारखेनंतरही शी सैलच राहिली, किंवा त्याआधी डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, तो गुंगीत राहू लागला किंवा पिणे सोडले, तर लगेच दाखवा.

दोन मुलांना वेगळ्या खोल्यांत ठेवण्याची जाऊबाईंची धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही, फक्त तिची दिशा उलटी आहे. बाळाकडून मोठ्याला नव्हे, मोठ्याकडून बाळाला जपायला हवे, आणि ते भिंतीने नव्हे तर हाताने. मोठ्याची शी ज्यांनी धुतली त्यांनी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुतल्याशिवाय बाळाला उचलू नये. बाटलीतल्या सॅनिटायझरवर विसंबू नका, नोरो त्याला फारसा दाद देत नाही. बाळाची लंगोटी बदलल्यावरही हाच नियम पाळा, कारण लशीचा विषाणू शीतून जातो. उलटी झालेली जागा पुसताना आधी कागदाने टिपून मग ब्लीचच्या पाण्याने पुसा. बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय पाणी, मध, गुटी काही नको. सासूबाईंना गुटी उगाळण्याची हौस असेल तर हे काम तुमच्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून झालेले बरे.

राहिला पुढचा डोस. या लशीने सगळेच जुलाब थांबत नाहीत. रोटाव्हॅक या रोटाच्या लशीच्या भारतात झालेल्या मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षातल्या गंभीर रोटा जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळाले, म्हणजे सलाइन लावण्याची वेळ येण्याइतका आजार बऱ्याचदा टळतो. पॉझिटिव्ह कार्ड हे डोस थांबवण्याचे कारण नाही. डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात, तेव्हा बाळाचा दुसरा डोस ११ फेब्रुवारीच्या सुमारास येईल. बाळाचे लसीकरण कार्ड घेऊन जाऊबाईंसोबत तुम्हीही जा, बाळ नेहमीसारखे पीत असल्याचे परिचारिकेला सांगा, आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्याच्या लंगोटीत काहीही दिसले तरी आधी फोन डॉक्टरांना करा, लॅबला नको.